केंड्रिक लमार ऐकायचा कसा : एका गळ्यातली अनेक माणसं

२०१८ च्या एप्रिलमध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बमला जाहीर झालं. १९४३ पासून दिलं जाणारं हे पारितोषिक तोवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे आणि नव्वदीनंतर कधीमधी जॅझकडे जात होतं. रॅपरचं नाव त्या यादीत पहिल्यांदाच आलं. बातमी वाचून कुतूहलापोटी ज्यांनी अल्बम लावला, त्यांतले काही जण दोन गाण्यांतच थांबले असतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. शब्द भराभर अंगावर येतात, बोली लॉस एंजेलिसकडच्या गल्ल्यांतली, शिव्या भरपूर, आणि अर्धे संदर्भ कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. शिवाय सुटी गाणी ऐकून हा माणूस हाती लागत नाही. त्याचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकावा लागतो, आणि ऐकताना आधीचा अल्बम आठवावा लागतो.

मला तो मनापासून आवडतो, आणि तो का मोठा आहे हे रॅप न ऐकणाऱ्या माणसालाही सांगता यावं असं वाटतं. माझ्या मते त्याच्या प्रत्येक अल्बमला एकच प्रश्न विचारावा : इथे बोलतंय कोण, आणि कुणाशी? या प्रश्नाचं उत्तर अल्बमगणिक बदलत गेलं आहे. त्याची सगळी वाढ त्या बदलात आहे.

आधी चार शब्दांची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. गाण्याखाली सतत वाजत राहणारा ठेका आणि त्याच्यासोबतची साथ म्हणजे बीट. चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बार; रॅपचं एक कडवं बहुधा सोळा बारांचं असतं. त्या मात्रांवर शब्द कुठे टाकायचे, कुठे मागे ओढायचे, समेवर यायचं की मुद्दाम चुकवायची, या सगळ्या चालीला फ्लो म्हणतात. आणि जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा कापून नव्या गाण्यात पुन्हा वाजवला की तो सॅम्पल. एरवी रॅपरची स्वतःची अशी एक ठरलेली चाल आणि एक ठरलेला आवाज असतो, त्यावरून तो ओळखू येतो. केंड्रिकला मात्र असे दहा आवाज आहेत. कधी तो किनरा बोलतो, कधी घोगरा, कधी दारू प्यायल्यासारखा अडखळत, तर कधी लहान पोरासारखा. आपल्याकडचा कीर्तनकार एकटा उभा राहून आख्यानातला राजा होतो, दासी होते, शेवटी देवही होतो. केंड्रिकचं काम त्याच जातीचं आहे.

त्याचा जन्म १७ जून १९८७ चा, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कॉम्प्टन शहरातला. आई-वडील शिकागोहून तिकडे आलेले. क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे कॉम्प्टनचं नाव आधीच बदनाम होतं. त्याच्या जन्मानंतर वर्षभराने एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाने याच शहराचं नाव लावून अल्बम काढला आणि ते जगभर पोहोचलं. केंड्रिक आठ वर्षांचा असताना टुपाक शकूर आणि डॉ. ड्रे हे रॅपर कॉम्प्टनच्या बाजारात एका गाण्याचं चित्रीकरण करत होते, आणि वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने ते पाहिलं. टुपाकचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. सोळाव्या वर्षी के-डॉट या नावाने त्याचं पहिलं मिक्सटेप, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय काढलेला गाण्यांचा संच, आलं. तेव्हाची गाणी हुशार पोराची आहेत, पण त्यांत दुसऱ्यांची नक्कल फार. २००९ मध्ये त्याने टोपणनाव टाकलं आणि स्वतःच्या नावाने लिहायला लागला.

२०११ चा 'सेक्शन.८०' हा त्याचा पहिला पूर्ण अल्बम. गरिबांना घरभाड्यात मदत देणाऱ्या सरकारी योजनेचं नाव आणि ऐंशीचं दशक, दोन्ही त्या शीर्षकात आहेत. रेगन यांच्या काळात क्रॅक कोकेनने कृष्णवर्णीय वस्त्या पोखरल्या, त्या काळात जन्मलेल्या पिढीबद्दल तो इथे बोलतो. इथला केंड्रिक साक्षीदार आहे, बाजूला उभं राहून पाहणारा. शरीरविक्रय करणाऱ्या कीशा नावाच्या मुलीवर त्यात एक गाणं आहे, तिचा शेवट वाईट होतो, आणि हे गाणं मी माझ्या अकरा वर्षांच्या बहिणीला ऐकवलं असं तो शेवटी सांगतो. गाणं चांगलं आहे. पण पुढच्याच वर्षी त्याने स्वतःच त्या गाण्यावर जो प्रश्न उभा केला, तो मला मूळ गाण्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या 'गुड किड, मॅड सिटी'च्या मुखपृष्ठावरच लिहिलंय, केंड्रिक लमारचा लघुपट. आणि खरोखरच गोष्ट सिनेमासारखी चालते. सतरा वर्षांचा मुलगा आईची व्हॅन घेऊन एका मुलीला भेटायला निघतो. मित्रांच्या नादाने घरफोडी करतो, मार खातो, दारू पितो, आणि रात्र संपायच्या आत त्याचा एक मित्र गोळी लागून मरतो. मध्ये मध्ये आईचे फोनवरचे निरोप ऐकू येतात, व्हॅन परत आण म्हणून; मागे वडील डॉमिनो कुठे गेले म्हणून ओरडत असतात. हे आवाज त्याच्या खऱ्या आई-वडिलांचेच आहेत. प्रसंग उलटसुलट क्रमाने लावलेत, त्यामुळे गोष्ट जुळवत ऐकावी लागते. दारूवरचं गाणं पार्ट्यांमध्ये नाचायला वाजलं, पण नीट ऐकलं तर मधल्या कडव्यात त्याचाच विवेक वेगळ्या, किनऱ्या आवाजात त्याला दटावतोय.

या अल्बममधलं 'सिंग अबाउट मी, आयम डाइंग ऑफ थर्स्ट' हे सुमारे बारा मिनिटांचं गाणं तपशिलात सांगतो, कारण केंड्रिक म्हणजे काय ते यात पूर्ण दिसतं. पहिल्या भागात तीन कडवी आहेत. पहिलं कडवं मेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडी आहे. तू माझ्या भावाजवळ शेवटपर्यंत होतास याबद्दल तो आभार मानतो, पण सूड घेतल्याशिवाय मला चैन नाही असंही सांगतो. मग तो म्हणू लागतो की तुझा अल्बम येण्याआधी मी मेलो तर... आणि वाक्य संपायच्या आत गोळ्यांचे आवाज येतात. कडवं तिथेच तुटतं, ठेका मात्र तसाच चालू राहतो. दुसरं कडवं कीशाच्या बहिणीचं. ती संतापलेली आहे. माझ्या बहिणीची कहाणी गाण्यात घालायचा अधिकार तुला दिला कुणी, असं विचारते. तीही त्याच धंद्यात आहे आणि मला कुणाच्या कीव करण्याची गरज नाही म्हणते. मी विरून जाणार नाही असं ती पुन्हा पुन्हा बजावत असताना तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो, आणि बोलणं चालू असतानाच ऐकू येईनासा होतो. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः येतो आणि दोघांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. दुसऱ्याचं दुःख गाऊन मोठा झालेला कलाकार त्या माणसांचं नक्की काय देणं लागतो, हा तो प्रश्न. पंचविशीतल्या मुलाने स्वतःच्या गाजलेल्या गाण्याला स्वतःच्याच पुढच्या अल्बममध्ये असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं, याचं मला अजून नवल वाटतं.

हा अल्बम दहा वर्षांहून जास्त काळ बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या पहिल्या दोनशे अल्बमांच्या यादीत टिकून राहिला. दुसरा कुणी असता तर त्याने तोच साचा पुन्हा वापरला असता.

मार्च २०१५ मध्ये 'टू पिंप अ बटरफ्लाय' आला आणि पहिल्या ऐकण्यात अनेक चाहते गोंधळले. आधीच्या वर्षी केंड्रिक दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला होता. नेल्सन मंडेलांना जिथे डांबलं होतं त्या रॉबेन बेटावरही गेला होता. परतल्यावर त्याने हाताशी असलेलं बरंच काम बाजूला ठेवलं आणि वादक गोळा केले. बास गिटारवर थंडरकॅट, पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर, सॅक्सोफोनवर कमासी वॉशिंग्टन आणि टेरेस मार्टिन, शिवाय फंक संगीताचे आजोबा जॉर्ज क्लिंटन. ठरावीक ठेका फिरवत ठेवून त्यावर बोलण्याऐवजी इथे वादक रॅपरशी बोलतात, त्याला अडवतात, त्याच्या पुढे धावतात. एका गाण्यात पियानो आणि ड्रम इतक्या वेगात सुटतात की केंड्रिकच्या शब्दांची जुगलबंदीच होते. ब्लूज, जॅझ, फंक, सोल असं कृष्णवर्णीय अमेरिकेचं शंभर वर्षांचं संगीत त्याने एका अल्बममध्ये बसवलं, आणि बोलणारा माणूस आता कॉम्प्टनचा पोरगा राहिलेला नाही. तो यशस्वी झालाय, पैसा आलाय, आणि आपण आपल्या माणसांना सोडून पळालो या भावनेने आतून पोखरला गेलाय.

'यू' हे गाणं ऐकवत नाही इतकं उघडं आहे. सुरुवातीला तो जवळजवळ किंचाळतो, मागे सॅक्सोफोनही तसाच पिळवटतो. मग दारावर टकटक होते, हॉटेलची कर्मचारी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारते, आणि त्यानंतर बाटलीचा किणकिणाट आणि रडका, अडखळणारा आवाज. तो स्वतःलाच तू म्हणतोय. तुझा दोस्त दवाखान्यात होता, तू भेटायला गेला नाहीस, व्हिडिओ कॉल करून मोकळा झालास. आणि तो गेला. स्टुडिओत हा आवाज काढताना श्वास कुठे तोडायचा, हुंदका कोणत्या मात्रेवर टाकायचा, हे सगळं त्याने ठरवलेलं असणार, तरी ऐकताना त्यातलं काहीच ठरवलेलं वाटत नाही. याच अल्बमच्या शेवटाकडे 'आय' येतं, स्वतःवर प्रेम करण्याचं उत्साही गाणं. एकट्याने आधी प्रसिद्ध झालं तेव्हा ते छान, गुळगुळीत होतं आणि त्याला दोन ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. अल्बममध्ये मात्र ते जणू एखाद्या कार्यक्रमातलं गाणं म्हणून येतं, मध्येच प्रेक्षकांत भांडण लागतं, आणि केंड्रिक गाणं थांबवून लोकांशी बोलायला लागतो. तेच गाणं, पण कुणाशी बोलतोय ते बदललं आणि अर्थच बदलला.

अल्बमभर एक कविता थोडी थोडी वाढत जाते. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्या काही ओळी म्हणतो. पुढच्या वेळी त्याच ओळी आणि आणखी थोड्या. शेवटच्या गाण्यात कविता पूर्ण होते, आणि तेव्हा कळतं की इतका वेळ तो ती टुपाकला वाचून दाखवत होता. १९९६ मध्ये मारल्या गेलेल्या टुपाकची १९९४ ची एक स्वीडिश रेडिओ मुलाखत घेऊन, तिच्यातल्या उत्तरांना स्वतःचे प्रश्न जोडून त्याने संवाद रचलाय. केंड्रिक शेवटी सुरवंट आणि फुलपाखराची रूपककथा सांगतो, तुला काय वाटतं म्हणून विचारतो, आणि पलीकडून उत्तर येत नाही. तो हाका मारतो आणि अल्बम संपतो.

याच अल्बमवरचं 'ऑलराइट' त्या वर्षी रस्त्यावर पोहोचलं. जुलै २०१५ मध्ये क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात पोलिसांसमोर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी त्याचं ध्रुवपद घोषणेसारखं म्हटलं, आणि पुढे 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या मोर्च्यांत ते सर्रास ऐकू येऊ लागलं. घोषणा म्हणून ते सोपं वाटतं. पण कडवी ऐका, त्यांत निराशा, मोह आणि मृत्यूची चाहूल आहे; धीर फक्त ध्रुवपदात आहे. न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनच्या एका शिक्षकाने टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' या कादंबरीसोबत हा अल्बम वर्गात शिकवला, तेव्हा केंड्रिक स्वतः त्या शाळेत गेला. कमासी वॉशिंग्टनचा तीन डिस्कचा जॅझ अल्बम त्याच वर्षी आला आणि एरवी जॅझच्या वाटेला न जाणाऱ्या तरुणांनी तो ऐकला. तिकडे डेव्हिड बोवी आपल्या अखेरच्या अल्बमवर काम करताना केंड्रिक भरपूर ऐकत होता, हे त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने सांगितलंय. रॉकमधल्या एवढ्या मोठ्या माणसाने आयुष्याच्या शेवटी रॅपरकडून काही घ्यावं, ही मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी पावती वाटते.

२०१६ मध्ये याच काळातले उरलेले तुकडे नावं न देताच एका छोट्या अल्बमवर आले. ते नंतर कधीतरी ऐका.

मग एप्रिल २०१७ मध्ये 'डॅम'. वादकांचा ताफा मागे गेला, बीट कोरडे आणि धारदार झाले, गाण्यांची नावं एकेका शब्दाची. 'हंबल'मध्ये पियानोचे दोन-चार सूर ठोकत राहतात, बस्स. आणि तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. वरवर पाहता हा लोकप्रियतेकडे वळलेला अल्बम. पण आत दोन बोलणारे आहेत, एक दुष्टपणाकडे ओढला जाणारा आणि एक दुबळा पडणारा, आणि दोघेही देवाला घाबरलेले. 'फिअर' या गाण्यात तो सात, सतरा आणि सत्तावीस वर्षांचा असताना कशाला घाबरत होता ते ओळीने सांगतो : आधी आईच्या माराला, मग रस्त्यावरच्या मरणाला, मग कमावलेलं सगळं हातचं जाईल याला.

शेवटचं गाणं त्याच्या खऱ्या आडनावाचं, 'डकवर्थ'. त्यातली गोष्ट खरी आहे. अँथनी टिफिथ नावाचा एक माणूस एका केएफसीवर दरोडा घालायच्या तयारीत होता. खिडकीत काम करणारा डकी त्याला ओळखून होता, म्हणून तो त्याला जास्तीचं चिकन आणि बिस्किटं देऊन खूश ठेवायचा. त्या भलेपणामुळे डकी वाचला. पुढे अनेक वर्षांनी टिफिथने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि एका पोराला करारावर घेतलं, तो पोरगा डकीचाच, केंड्रिक. तेव्हा गोळी चालली असती तर टिफिथ तुरुंगात गेला असता आणि केंड्रिक बापाविना वाढला असता. ही गोष्ट सांगून होताच गोळीचा आवाज येतो, टेप सर्रकन उलटी फिरते आणि अल्बमचं पहिलं वाक्य पुन्हा ऐकू येतं. म्हणजे गाणी शेवटाकडून सुरुवातीकडेही ऐकता येतात आणि तसं ऐकलं तर वेगळी गोष्ट निघते.

२०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर' चित्रपटासाठी त्याने गाण्यांचा अल्बम जमवला, आणि मग जवळपास गप्प बसला. मे २०२२ मध्ये 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' आला तेव्हा सुरुवातीलाच तो १,८५५ दिवसांचा उल्लेख करतो. 'डॅम' आणि या अल्बममधलं अंतर बरोबर तेवढंच आहे. लोकांना त्याच्याकडून आणखी एक 'ऑलराइट' हवं होतं. त्याने दिली मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीतली कबुली. व्यभिचार, बापाने शिकवलेला कोरडेपणा, घराण्यात चालत आलेली लैंगिक अत्याचारांची जखम. आणि मी तुमचा तारणहार नाही, हे स्पष्ट शब्दांत. 'मदर आय सोबर'मध्ये पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची बेथ गिबन्स गाते आणि केंड्रिक इतक्या हळू बोलतो की फ्लो वगैरे शब्द विसरायला होतात. हा त्याचा सर्वांत धाडसी अल्बम, पण सर्वांत ओबडधोबडही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात नाव आलेल्या कोडॅक ब्लॅक या रॅपरला याच अल्बममध्ये जागा देणं मला पटलेलं नाही. ऐकणाऱ्याला टोचावं असा त्याचा हेतू असेल, तरी ज्या बायकांची बाजू तो मांडू पाहतो त्यांच्यावर त्याने अन्याय होतो.

२०२४ मधलं ड्रेक या रॅपरबरोबरचं भांडण बहुतेकांनी बातम्यांत वाचलंच असेल. त्यातून आलेल्या 'नॉट लाइक अस'ला पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाले. त्या भांडणात कोण जिंकलं यापेक्षा मला त्या गाण्याचा ठेका महत्त्वाचा वाटतो. निर्माता मस्टर्ड, बीट अस्सल लॉस एंजेलिसचा, आणि शीर्षकातच 'आपण'. इतकी वर्षं स्वतःशी बोलणारा माणूस पुन्हा गावाच्या वतीने बोलू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कसलीही घोषणा न करता आलेल्या 'जीएनएक्स'मध्ये हे आणखी पुढे जातं. १९८७ च्या, म्हणजे त्याच्या जन्मवर्षीच्या ब्यूक गाडीचं हे नाव. सुरुवातीला डेरा बारेरा ही मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत, गाणारी गायिका स्पॅनिशमध्ये गाते. लॉस एंजेलिसचे बाहेर कुणाला फारसे माहीत नसलेले तरुण रॅपर मध्ये मध्ये येतात. 'रीइनकार्नेटेड' या गाण्यात तो टुपाकच्या जुन्या बीटवर, टुपाकच्याच ढंगात, आपले मागचे जन्म सांगतो. २०१५ मध्ये टुपाककडून उत्तर आलं नव्हतं. आता केंड्रिकच त्या आवाजात बोलतोय. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लीन्समध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, १३ कोटींहून जास्त लोक पाहत असताना, त्याने अभिनेता सॅम्युएल एल. जॅक्सनला 'अंकल सॅम', म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेलं पात्र, म्हणून उभं केलं आणि आपल्याला मध्ये मध्ये झापायला लावलं : फार गोंगाट, फार गावठी, नीट वाग. कृष्णवर्णीय कलाकाराला अमेरिका जे ऐकवते, ते त्याने अमेरिकेच्याच तोंडून वदवून घेतलं.

नव्याने ऐकणार असाल तर काळाच्या क्रमाने जाऊ नका. 'गुड किड, मॅड सिटी' आधी, शब्द समोर उघडून. पहिल्यांदा गोष्ट समजली की दुसऱ्यांदा नुसते आवाज ओळखा. मग 'बटरफ्लाय', पण एका बैठकीत, म्हणजे ती वाढत जाणारी कविता निसटणार नाही. 'मिस्टर मोराल' एकटे असताना ऐका. शिव्या सगळीकडे आहेत, घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. 'डॅम' आधी सरळ ऐका आणि नंतर उलटा. उलट्या क्रमाची आवृत्ती त्याने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच काढलेली आहे, 'कलेक्टर्स एडिशन' म्हणून शोधलीत की सापडेल.